पूर्णेकाठचा भुरा हेला

शेगावहून वरवट बकालला जाणाऱ्या एस.टी.त खिडकीची जागा धरली आणि कंडक्टरला सांगून ठेवलं, पूर्णेचा पूल ओलांडला की पहिल्या फाट्यावर उतरवा. कुणाकडे, असं त्यांनी विचारलं. म्हशी बघायला आले आहे, असं खरं ते सांगितल्यावर मागच्या दोन बाकांवर हशा पिकला. हसोत बापडे! तीस वर्षं मी ठाण्यात जीवशास्त्र शिकवलं. जैवविविधतेचा धडा आला की फळ्यावर वाघ काढायचा आणि मोकळं व्हायचं. निवृत्त झाल्यावर कळलं, की पूर्णेच्या काठी फिकट, भुऱ्या रंगाची पूर्णाथडी म्हैस आहे, अस्सल इथलीच, आणि ती कमी कमी होत चालली आहे. तिच्याबद्दल मी एकाही वर्गाला एक ओळ सांगितली नव्हती.

बाहेर तूर आणि कपाशी मागे पळत होती. म्हशी दिसत होत्या, पण सगळ्या काळ्या.

फाट्यावर विलास मोटारसायकल घेऊन उभा होता. त्याच्या आईकडे, पंचफुलाबाईंकडे, मी दोन दिवस राहणार होते; माझ्या एका जुन्या सहकारी बाईंनी गाठ घालून दिली होती. अंगणात पाय ठेवला तर समोरच हेला (रेडा) बांधलेला. कोऱ्या चहात सढळ हाताने दूध ओतावं तसा रंग, पापण्या पांढुरक्या, शिंगं मानेलगत खांद्यापर्यंत मागे गेलेली. मी पाहतच राहिले. तो मारत नाही, असं सांगून पंचफुलाबाई त्याचं कपाळ खाजवू लागल्या.

जेवायला ज्वारीची भाकर, भुरका (तेलात परतलेलं तिखट) आणि सुरीने कापावं असं घट्ट दही. हा खारपाणपट्टा. विहिरीचं खारं पाणी माझ्याच्याने घोटभर पिववलं नाही, पण या म्हशी तेच पिऊन असं दूध देतात. शेजाऱ्याने हौसेने आणलेली मुऱ्हा (हरियाणाकडची काळी म्हैस) पहिल्याच उन्हाळ्यात कशी हातपाय गाळून बसली, ते पंचफुलाबाईंनी अगदी रंगवून सांगितलं.

मग विलास बोलला. आसपासच्या गावांत भुरा हेला एवढा एकच उरला होता. पूर्वी लोक माजावर आलेली म्हैस घेऊन याच अंगणात येत; आता सगळे मुऱ्ह्याच्या बीजाचं इंजेक्शन देतात. बसून खाणारं जनावर पोसायचं तरी किती दिवस? उद्या जिल्ह्याहून पूर्णाथडी जनावरांची नोंद करायला पथक येणार होतं. हेल्याची नोंद झाली तर त्याचं बीज जपलं जाईल, चाऱ्यालाही मदत मिळेल. नाही झाली, तर परवा व्यापाऱ्याचा टेम्पो येणार. आईने हट्ट धरून मुलाकडून एवढीच मुदत मिळवली होती.

मी मोठ्या तोंडाने म्हणाले, "मग उद्या त्याला चांगला नटवा. साहेबांच्या डोळ्यांत भरला पाहिजे."

सकाळी मी पूर्णेवर फिरायला गेले. पाणी थोडंच, वाळू उपसून जागोजागी खड्डे पडलेले. तासाभराने परत आले तर अंगणात काळाकुळकुळीत हेला! मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा असेल. शेजारी पंचफुलाबाई उभ्या, हात कोपरापर्यंत काळे आणि चेहऱ्यावर समाधान. तव्याची आणि चुलीची काजळी जवसाच्या तेलात खलून त्यांनी तो शेपटीपर्यंत रंगवला होता. हे काय केलंत, एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"इतले वर्सं जो सायेब आला त्यानं म्हनलं, बाई, भुरी कायले पोसता, कायीभोर म्हैस घ्या," त्या म्हणाल्या. "परदर्शनात माह्या म्हशीले रांगेतून बाहीर काढलं होतं, रंग नाई म्हनून. आता भुराच पाह्याले येईन, असं कोनाले वाटन?"

माझं डोकं तडकलं, पण त्यांच्यावर नाही. इतक्या देखण्या जनावराची या बाईला लाज वाटायला लावली कुणी? पोस्टरवर काळी, योजनेत काळी, इंजेक्शन काळीचं. आणि आता भुरी कुठे आहे म्हणून फॉर्म घेऊन हिंडायचं. वरातीमागून घोडं! आणि मी तरी कोण शहाणी? 'नटवा' म्हणाले होते ते मीच. या घरात नटवणं म्हणजे काय, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

विलासने बादल्यांनी पाणी ओतायला घेतलं, पण जवसाचं तेल ते, पाणी वरच्यावर ओघळून जाई. तेवढ्यात जीप आलीच. पथकातले जनावरांचे डॉक्टर तरुण आणि घाईतले. त्यांना अजून दोन गावं करायची होती. त्यांनी फोटो काढला आणि फॉर्मवर लिहिलं, रंग काळा, जात संकरित. मी सगळं सांगितलं, ओल्या टॉवेलने पाठ घासून दाखवली. तिथे नुसता राखाडी चट्टा उमटला.

"शिंगांना तर काजळी लावलेली नाही ना?" मी म्हणाले. "मुऱ्ह्याची जिलबीसारखी वळलेली असतात. याची बघा."

"संकरात अशीही येतात. मॅडम, दिसतं तेच लिहायचं, असा नियम आहे. रंग निघाला की पुढच्या फेरीत बघू."

पुढची फेरी कधी, ते त्यांना ठाऊक नव्हतं. अर्धा तास थांबा म्हटलं, तर त्यांनी सहीसाठी फॉर्म पुढे केला. कागद काळा होऊ नये म्हणून पंचफुलाबाई हात पदराला पुन्हा पुन्हा पुसत होत्या. मग त्यांनी सही केली.

जीप गेल्यावर आम्ही तिघांनी हेला नदीवर नेला. धुण्याची पावडर आणि नारळाची शेंडी घेऊन तीनदा घासल्यावर त्याचा रंग वर आला. मी फोटो काढून लगेच जिल्ह्याच्या कार्यालयाच्या नंबरवर पाठवले आणि विलासला म्हटलं, आठवडाभर थांब.

"थांबूनच राह्यलो होतो ना ताई," तो म्हणाला. "पन याच्यापाशी म्हैस घेऊन कोन येते आता? तुमी आनसान का?"

ठाण्यात मी दुधाची पिशवी घेते. ते कोणत्या म्हशीचं, हे कधी विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा पंचफुलाबाई त्याला भिजवलेली ढेप (सरकीची पेंड) चारत होत्या. शेगाव स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना विलासचा फोन आला. टेम्पो येऊन गेला होता. आई जेवली नाही, एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

घरी येऊन आठवडा झाल्यावर कार्यालयाचं उत्तर आलं. फोटो मिळाले, जनावर उत्तम दिसते, पुढच्या महिन्यात फेरपाहणी करू. मी उलट टपाली लिहिलं, येण्याची तसदी घेऊ नका. या गावात भुरा हेला नाही, असं तुमच्या फॉर्मवरून दिसतं. त्या दिवशी ते खोटं होतं. आता खरं आहे.