सार्डिनच्या गावाचा क्लब

आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे मस्कतच्या वादी कबीर भागात आली, तेव्हा तिच्या करमणुकीची मला काळजी होती. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेली बाई. दुपारी झोपत नाही आणि मालिका बघत नाही. तिची सोय शेवटी खालच्या मजल्यावर झाली.

खाली वसईचं एक कुटुंब राहतं. त्यातले गृहस्थ हॉटेलात शेफ आहेत. दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडून आरडाओरडा ऐकू यायचा. आईला वाटलं, घरात भांडण चाललंय. न राहवून ती खाली गेली, तर ते निळी-पांढरी जर्सी घालून एकटेच टीव्हीसमोर उभे.

"फुटबॉल आहे काकू. फ्रान्सचा क्लब. दुसऱ्या श्रेणीतला, कोणाला माहीत नसतो."

"तुम्हाला कसा माहीत?"

मस्कतमध्ये नवीन असताना त्यांच्या हॉटेलचा मुख्य शेफ त्या गावचा होता. त्याने यांना सॉस शिकवले आणि सोबत क्लबही चिकटवला.

"स्थापना कोणी केली?" आईने विचारलं.

ते गडबडले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. सार्डिन मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यातले कामगार होते, एवढं त्यांना ठाऊक होतं. चर्चचे फादरही कुठेतरी होते.

"कुठेतरी म्हणजे? चर्चचा संघ आधी की कारखान्याचा?"

पुढच्या शनिवारी मॅचच्या आधी त्यांनी थेट जुन्या शेफलाच व्हिडिओ कॉल लावला. तो आता निवृत्त होऊन गावी राहतो. आई मराठीत विचारणार, हे इंग्रजीत सांगणार, तो हातवारे करत उत्तर देणार. मी चहा घेऊन गेले तेव्हा तिघांची जोरात चर्चा चालू होती.

कळलं ते असं. गावात दोन संघ होते, एक फादरांचा, एक कारखान्याचा. मैदान एकच, आणि दोघांनाही ते रविवारी दुपारीच हवं असायचं. वर्षानुवर्षं बोलणं बंद. मग युद्ध झालं, मैदानात लोकांनी बटाटे लावले. युद्ध संपल्यावर कुठल्याच बाजूला धड अकरा जण उरले नव्हते. नाइलाजाने एकत्र आले, तेव्हा लक्षात आलं की निम्मे खेळाडू एकमेकांचे मेव्हणेच आहेत.

"म्हणजे बायका मधल्या काळात बोलतच होत्या," आई म्हणाली. भाषांतर पोचल्यावर म्हातारा इतका हसला की फोन त्याच्या हातातून पडला.

त्यानंतर आईचे शनिवार पक्के झाले. ऑफसाइड तिला शेवटपर्यंत कळला नाही. पण कुठला गोलरक्षक कुठल्या काळात होता, हे तिने मला भाजी निवडताना ऐकवलं.

मोसमाची शेवटची मॅच आली. हरले तर तिसऱ्या श्रेणीत जाणार होते. शेजाऱ्यांनी ड्यूटी बदलून घेतली होती. आम्ही सगळे खाली जमलो. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, सुरमई तळली होती. क्लब एका गोलने हरला.

शेजारी उठले. टीव्ही बंद करून सगळ्यांना पानं वाढायला लागले. त्यांची कॉलेजातली मुलगी हळूच म्हणाली, "डॅडी, इट्स ओके." त्यांनी तिच्या पानात सुरमईचा तुकडा वाढला.

आईने आपलं पान पुढे ओढलं. मग म्हणाली, "मागे दोनदा खाली गेले होते ना? त्यातल्या एका वेळी परत वर यायला किती मोसम लागले होते?"

"पाच."

"मग बसा जेवायला. लगेच काही होणार नाहीये."

ते हसले आणि बसले.

आई परत गेली. आता शनिवारी ती पुण्याहून आधी त्यांना फोन करते, मग मला. दरम्यान त्यांची ओमानच्या दक्षिण टोकाला, सलालाहच्या हॉटेलात बदली झाली. या वर्षी आई आली तेव्हा आम्ही विमानाने तिकडे गेलो. बाहेर गार हवा होती, भोवती नारळाची झाडं. समोर टीव्हीवर तिसऱ्या श्रेणीतली मॅच, तीही अजून गोलशून्य. मध्यंतराला आई खुर्चीत झोपली. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला आणि मला खुणेने विचारलं, "चहा टाकू का?"