कुताह्याची निळी थाळी

सिंगापुरात, आमच्या वन-नॉर्थच्या ऑफिसात मराठी आम्ही तिघंच: मी, नागपूरचा कांबळे आणि पुण्याच्या देशपांडे मॅडम. आम्हाला एकत्र टूरवर पाठवलं की रिपोर्ट दोन पानांचा होतो आणि किस्से वर्षभर पुरतात. २००६ साली तुर्कस्तानातल्या कुताह्याला गेलो, तिथले तर अजून संपले नाहीत. गाव नक्षीदार चिनी मातीच्या भांड्यांसाठी शेकडो वर्षं प्रसिद्ध. आम्ही गेलो होतो टाइल्सच्या कारखान्यातल्या भट्टीला सेन्सर बसवायला.

*

पहिल्याच संध्याकाळी देशपांडे मॅडम एका दुकानात शिरल्या आणि माठ घेताना वाजवतात तशी एकेक प्लेट बोटाने वाजवायला लागल्या. दुकानदार म्हातारा कारागीर. आधी बघत राहिला, मग वैतागला. नवव्या प्लेटचा आवाज बद्द आला. त्याने ती उजेडात धरली, तर केसाएवढी चीर! मग मॅडमना चहा पाजून त्याने उरलेला अख्खा रॅक वाजवून घेतला.

*

कांबळे तिथे लग्नाचा वाढदिवस साफ विसरला. साधा फोनसुद्धा केला नाही. तेव्हापासून त्याची बायको सुजाता फोनवर फक्त "हं" म्हणत होती. बिचारा खरंच घाबरला होता.

त्याने त्याच म्हाताऱ्याकडे थाळी रंगवायला टाकली. घरच्या प्रत्येक भांड्यावर सुजाताचं नाव कोरलेलं, म्हणजे हिच्यावरही हवंच. कांबळेचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नाही. त्याने पाकिटातून तिच्या हातची चिठ्ठी काढली, खालच्या नावावर बोट ठेवलं आणि खुणेने सांगितलं, एवढं काढ. म्हाताऱ्याने मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी, बस सुटता सुटता, बांधलेलं पार्सल हातात पडलं.

*

इस्तंबूल ते सिंगापूर थाळी कांबळेच्या मांडीवर. जेवणाचा ट्रे उघडेना, म्हणून मॅडमनी त्याला पाव भरवला. चांगी विमानतळाहून हौगांगला त्याच्या घरापर्यंत टॅक्सीवाल्या अंकलला तो "स्लोली, अंकल, स्लोली" करत होता. शेवटी अंकल म्हणाले, "मोअर स्लो, मस्ट वॉक ला!"

*

फ्लॅटवर सुजाताने पार्सल सोडलं. थाळी अखंड होती. आम्हा तिघांचा जीव भांड्यात पडला.

मग तिने थाळी उजेडाकडे वळवली. मधोमध, निळ्या रंगात, तिच्याच वळणदार अक्षरात अख्खी चिठ्ठी उतरवलेली होती: 'बीपीची गोळी रोज सकाळी घे. विसरू नकोस. सुजाता.'

कांबळे भिंतीला टेकला. सुजाताने ते दोनदा वाचलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती "हं" सोडून काहीतरी बोलली.

"मग, घेतलीस?"