पेंटरांनी न लिहिलेलं नाव

नगरपालिकेच्या गौरव दालनातल्या फळ्यांवरची सोनेरी नावं गेली तीस वर्षं पेंटरांच्याच हातची. कुणी नामांकित डॉक्टर, कुणी धावपटू, कुणी पूल बांधणारा इंजिनिअर. नाव लिहायच्या दिवशी पेंटर काम संपेपर्यंत चहाला शिवत नसत. चहाने हात हलतो म्हणे. शाळेची पोरं दालन बघायला आली की हे मुद्दाम कोपऱ्यात रेंगाळत. बाई फळ्याकडे बोट करून सांगायच्या, "यांच्यासारखं व्हा." तेव्हा पेंटरांची कॉलर अशी ताठ व्हायची, जणू ती मोठी माणसं यांनीच घडवली!

गौरव समितीने दिलेली यंदाच्या नावाची चिठ्ठी त्यांनी घरी टेबलावर ठेवली. तलावावर अजूनही मुलांना पोहायला शिकवणारे सर. मुलगी कामावरून आली, चिठ्ठी वाचली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "बाबा, हे नाव तुम्ही लिहू नका."

"का गं? तुझेच सर ना?"

मग तिने सांगितलं. कुणी मागे पडलं की तो शिक्षा म्हणून डोकं पाण्याखाली धरायचा. तिचं दोनदा धरलं. दुसऱ्यांदा तर ती काठावरच शुद्धीवर आली. चौदा वर्षांची होती.

पेंटरांच्या पायाखालची जमीन सरकली. तिने पोहणं सोडायचा हट्ट धरला, तेव्हा आळशी म्हणून तिला दंडाला धरून तलावावर नेणारे हेच. वर "सर, हिला जरा वठणीवर आणा" असंही सांगून आले होते. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"समितीला सांगू या."

"नको. मला चारचौघांत उभं करू नका. फक्त तुमच्या हातचं नको."

त्यांनी शब्द दिला. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी परत केली तर सचिव पाठीच लागले. "अहो पेंटर, कारण तरी सांगा!"

खरं अगदी ओठांवर आलं होतं. एकदा भिंतीवर नाव चढलं की आईबाप डोळे झाकून पोरं त्याच्या हवाली करणार, हे पेंटरांइतकं कुणाला ठाऊक? पण ते म्हणाले, "हात थरथरतो हल्ली."

सचिव हळहळले. यापुढे अक्षरं मशीनवर कापून घेऊ म्हणाले. नाव चढायचं ते चढणारच होतं.

घरी मुलीने विचारलं, "काय सांगितलंत?"

"हात थरथरतो म्हणून."

"मी तेव्हा पोट दुखतं म्हणायचे," ती म्हणाली.