सुनेनं घेतलेलं सोंग

२०२३ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. तोवर जिल्ह्याबाहेर फारसा गेलो नव्हतो आणि जायची हौसही नव्हती. पण मुलानं तिकिटं पाठवली, बायकोनं बॅगा भरल्या, आणि मी नाही नाही म्हणत जर्मनीत कार्ल्सरूहेला जाऊन पोचलो.

मुलगा तिथं सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. सूनही तशाच दुसऱ्या कंपनीत लागली होती. सुनेचं आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे. मी चौथी शिकलेला माणूस. गावात पिठाची गिरणी चालवली. मुलगी बघायला गेलो तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर मी एकच विचारलं होतं, "लग्नानंतर नोकरी सोडणार नाही ना?" ती नाही म्हणाली आणि मी तिथंच होकार दिला. त्यानंतर दळण घेऊन गिरणीवर येईल त्याला मी सांगायचो, माझी सून इंजिनियर आहे. मुलाचं कुणी कौतुक केलं तर म्हणायचो, ते असू दे, सून बघा. गावात माझा एक जुना सोबती आहे, रिटायर पोस्टमन. तो म्हणायचा, "बास कर आता. गिरणी बंद झाली तरी तुझं दळण काही थांबत नाही."

आणि दुसरी गोष्ट माझ्या स्वभावाची. माझ्याशी कुणी खोटं बोललेलं मला चालत नाही. माझा चुलतभाऊ एकदा बोलला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. तो गेला तेव्हा खांदा दिला, पण बोलायचं राहिलं ते राहिलंच. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. सुनेलाही.

जून महिना होता. एक दिवस सकाळी सून लवकर बाहेर पडली. ऑफिसला जाते म्हणाली. खांद्यावर ही भलीमोठी पिशवी. मला वाटलं, कॉम्प्युटर असेल.

मुलगा म्हणाला, "आल्झो बाबा, आज मी सुट्टी घेतलीय. हायडेलबर्ग बघायला जाऊ. जुनं शहर आहे. गाईड ठरवलाय, फक्त आपल्या तिघांसाठी."

त्याला दर वाक्याआधी हे आल्झो, म्हणजे आपलं 'तर मग', लावायची सवय लागलीय.

"गाईड कशाला? मला डोळे आहेत."

"डोळे आहेत हो, पण जर्मन कुठं येतं तुम्हाला?" बायको म्हणाली.

"तुला येतं?"

"मी गप्प बसून बघते. तुम्ही बघत नाही आणि गप्पही बसत नाही."

गाडीनं तासाभरात पोचलो. जुन्या भागात सगळीकडं दगडी फरसबंदी. एका चौकात कारंजं, समोर तांबड्या दगडाचं मोठं चर्च, आणि चर्चच्या भिंतीला चिकटून बारकी बारकी दुकानं. देवाच्या अंगाला टेकून धंदा चाललेला बघून मला जरा घरच्यासारखं वाटलं. वर डोंगरावर किल्ला दिसत होता. आम्ही कारंज्यापाशी थांबलो. मुलगा सारखा घड्याळ बघत होता. बायको उगाचच पदर सारखा करत होती.

तेवढ्यात गल्लीतून खडखड आवाज आला. लाकडी जोडे घातलेली एक बाई येत होती. तपकिरी घागरा, वर मळकं पांढरं फडकं बांधलेलं, डोक्याला टोपडं, बाह्या कोपरापर्यंत वर, गाल लालभडक रंगवलेले. कमरेवर धुण्याची पाटी आणि हातात कपडे बडवायची फळी. चौकातली माणसं बाजूला होऊन तिचे फोटो काढायला लागली. ती सरळ माझ्याकडं आली आणि ती फळी माझ्या छातीवर रोखली.

"ए म्हाताऱ्या! वाटेत काय उभा राहिलास? धर हे टोक, चादर पिळायचीय!"

मराठीत बोलली. आवाज सुनेचा होता.

मी टोक धरलं. दुसरं काय करावं तेच सुचेना. ती पिळायला लागली तसा मीही पिळायला लागलो. चादर खरोखर ओली होती, पाणी माझ्या बुटावर पडलं. मनात पहिलं आलं ते हे की पोरीला वेड लागलं. मग वाटलं, कंपनी बुडाली आणि पोटासाठी पोर हे करतेय. मुलाकडं बघितलं, तो जमिनीकडं बघत होता. बायकोकडं बघितलं, तर तिनं तोंडाला पदर लावलेला, आणि खांदे हलत होते. म्हणजे तिलाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. मी एकटाच भर चौकात चादर पिळत होतो.

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण ती बाहेर निघेना, आणि त्याचं कारण सांगायचं तर आमच्या गावचा बोहाडा सांगावा लागेल. बोहाडा म्हणजे आमच्याकडचा मुखवट्यांचा उत्सव. देवांची, राक्षसांची सोंगं संबळाच्या तालावर नाचवतात. एकेक सोंग एकेका घराकडं असतं. आमच्या घराकडं त्राटिका. मी मिसरूड फुटल्यापासून गुडघे जाईपर्यंत ती नाचवली. आमच्यात नियम असा की मुखवटा एकदा बांधला की आतला माणूस उरत नाही. त्याला नावानं हाक मारायची नाही, नात्यानं मारायची नाही, आणि त्याच्यावर रागवायचं तर मुळीच नाही. सोंगानं काठी उगारली तर हसून मागं सरायचं. मी त्राटिका असताना माझ्या बापानं मला हात जोडलेत. एरवी तो मला कानाखाली द्यायला मागंपुढं बघायचा नाही.

आणि हा नियम सुनेला सांगितला कुणी? मीच. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती बोहाड्याला माझी त्राटिका बघायला आली तेव्हा तिनं मला खोदून खोदून विचारलं होतं. मी मोठ्या हौसेनं सांगत बसलो होतो. आता चौकात उभं राहून ध्यानात आलं, की पोरीनं माझ्याच नियमानं माझं तोंड बांधलंय. ज्या दिवशी मला हे कळणार त्या दिवशी मी तिला बोलू शकणार नाही, अशी तजवीज तिनं करून ठेवली होती. पण सोंग उतरल्यावर काय? तो प्रश्न तिच्याही डोळ्यांत मला दिसत होता.

"चला पाहुणे!" ती ओरडली. "मी या शहरातली धुणंवाली. इथं शेकडो वर्षांचं विद्यापीठ आहे. मोठमोठे पंडित होऊन गेले. त्यांची नावं तुम्हाला कुणीही सांगेल. पण त्यांच्या कॉलरी कुणी धुतल्या? मी!"

बायको आता उघड हसायला लागली. "अहो, बघा तरी," ती मला कोपर मारून म्हणाली.

"तू माझ्याशी बोलू नकोस," मी म्हणालो.

आम्ही तिच्या मागून निघालो. सगळ्या शहराची गोष्ट तिनं धुण्यातून सांगितली. कुठल्या घरच्या चादरी रेशमी होत्या, कुठल्या घरचं धुणं शेजारणीला दिसू नये म्हणून अंधारात यायचं. किल्ल्याचा एक बुरूज उभा चिरलेला आहे. तो दाखवून म्हणाली, फ्रेंचांची फौज आली, दारू ठासून बुरूज उडवला, गाव जाळलं. "आणि माझं धुणं दोरीवर होतं हो! आठवड्याचं धुणं!" असं म्हणून तिनं जो गळा काढला, तो ऐकून रस्त्यातली परकी माणसं थांबली. मग तिनं त्यांनाही तेच जर्मनमध्ये सांगितलं. माणसं हसता हसता गप्प झाली. गाव जळाल्याचं कळलं की माणूस हळहळतो, पण दोरीवरची चादर जळाली म्हटलं की त्याला ते घर दिसतं. मी गिरणीवर उभं राहून हजार माणसांशी बोललोय. असं बोलता येणं सोपं नाही, हे मला कळत होतं. आणि ते कळत होतं म्हणून राग आणखी वाढत होता.

पुढं तिनं आम्हाला एका जुन्या इमारतीत वर नेलं. ही म्हणे विद्यापीठाची कोठडी. दारू पिऊन दंगा करणाऱ्या, पोलिसांशी मारामारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना इथं कोंडायचे. आत आलो आणि मी बघतच राहिलो. भिंती, छत, कुठं बोटभर जागा मोकळी नाही. कोंडलेल्या पोरांनी सगळीकडं आपली चित्रं काढलेली, नावं लिहिलेली. जणू बक्षीस मिळवून आली होती. मला चौथीनंतर शाळा सोडावी लागली तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. आणि इथं एवढी दगडी शाळा मिळालेली पोरं, कोंडून घ्यायला धडपडायची?

"काय म्हाताऱ्या, तुलाही कोंडू का?" ती म्हणाली. "मग तुझं धुणं मी करीन. साबणाचे पैसे वेगळे!"

मी पाठ फिरवली. जिना उतरायला लागलो. पायऱ्या झिजलेल्या होत्या आणि माझं लक्ष नव्हतं. गुडघ्यानं दगा दिला आणि मी पुढं गेलो. तिच्या हातातली पाटी खाली पडली, धुणं जिन्यावर पसरलं, आणि तिनं मला दोन्ही हातांनी धरलं.

"बाबा! लागलं का? बाबा!"

धुणंवालीचा आवाज गेला होता. हा घरातला आवाज होता. म्हणजे सोंग मोडलं. आता मला बोलायला मोकळीक होती, आणि सकाळपासून साठलेलं सगळं घशाशी आलं होतं. मी तोंड उघडलं.

"सोंगात नातं नसतं! पाटी उचल आधी."

हे माझ्याच तोंडून आलं. मुलगा, बायको, ती, तिघंही माझ्याकडं बघत राहिली. सगळ्यात जास्त धक्का मला बसला. मी तिला झापायचं सोडून तिचं सोंग सावरत होतो. तिनं पटकन धुणं गोळा केलं, कमरेवर पाटी घेतली आणि म्हणाली, "पडलास तर पड म्हाताऱ्या, पण माझ्या धुण्यावर पडू नकोस!" तिच्या रंगवलेल्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र खणखणीत होता.

जुन्या पुलावर तिनं सगळं संपवलं, वाकून नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोनं वाजवल्या. मी हात मागं बांधून उभा राहिलो.

नंतर एका कॉफीच्या दुकानात ती कपडे बदलून आली. पँट, साधा शर्ट. एका गालावर थोडा लाल रंग तसाच राहिला होता. ती माझ्यासमोर बसली.

"नोकरीवरून काढलं?" मी विचारलं.

"नाही बाबा. मीच सोडली."

"का?"

"मला ते आवडेनासं झालं होतं. दिवसभर कुणाशी बोलायचं नाही, नुसतं पडद्याकडं बघायचं. घरी आल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मग गाईडचा कोर्स केला, परीक्षा दिली. हे मला येतं, बाबा. तुमच्याकडंच बघितलं होतं पहिल्यांदा."

"कधी सोडली?"

ती मुलाकडं बघायला लागली. तो म्हणाला, "दीड वर्ष झालं."

दीड वर्ष. दर रविवारी मी फोनवर तिला विचारायचो, ऑफिस कसं चाललंय? आणि ती म्हणायची, छान. ते ऐकून मी गावात सांगत फिरायचो.

"आज केलंस ते सोंग," मी म्हणालो. "फोनवर करत होतीस त्याला आमच्यात खोटं म्हणतात."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही बोलणं टाकाल म्हणून भीती वाटली."

त्यावर मी काही बोललो नाही. गाडीत बोललो नाही. घरी जेवताना बोललो नाही. बायको भाजी वाढताना म्हणाली, "अहो, तिला एक शब्द तरी बोला. त्या भावाचं झालं तेवढं पुरे." मी ताटावरून उठलो. पण ते भावाचं नाव काढलं ते मला लागलं. त्याच्याशी बोलायचं ठरवलं असतं तर बोलता आलं असतं. मी रोज उद्यावर ढकलत गेलो, आणि मग त्याच्याकडंच उद्या उरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून पुन्हा ती पिशवी भरत होती. हायडेलबर्गला तिचा दुसऱ्या लोकांबरोबर कार्यक्रम होता. मी दिवाणखान्यात बसून गावी पोस्टमनला फोन लावला आणि तिला ऐकू जाईल असा मोठ्या आवाजावर ठेवला.

"काय रे, जर्मनीवाल्या," तो म्हणाला. "सुनेचं ऑफिस बघितलंस का?"

"तिनं नोकरी सोडली. दीड वर्ष झालं."

तो म्हणाला, "अरेरे. मग आता काय करते?"

"सोंग नाचवते. भर चौकात. धुणंवालीचं."

"बाईमाणूस? सोंग?"

"हो. आणि चारचौघांना सांग, मी सांगितलं म्हणून. दुसऱ्याकडून कळायला नको."

तो हसायला लागला. "आता पारावर काय दळशील रे?"

"हेच दळीन. मी पडलो तरी तिनं सोंग पुरं केलं. तू तर मारुती असताना विंचू बघून पळाला होतास."

तो आणखी काहीतरी बोलत होता, मी फोन बंद केला. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. चपला घातल्या, तिची पिशवी उचलली आणि जिना उतरायला लागलो. ती मागून धावत आली.

"बाबा, द्या इकडं, जड आहे."

"पुढं हो," मी म्हणालो, "ट्राम चुकेल."