खुंट्यांना टोळीचं तेल

माझ्या नवऱ्याला व्हायोलिन छान वाजवता येई. तारा ताणायच्या खुंट्या फिरल्या असत्या तर वाजवलंही असतं. पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि चारही खुंट्या आपापल्या भोकात रुसून बसल्या. थंडी पडू लागली तरी त्या सुटल्या नव्हत्या, आणि नेमके तेव्हाच आरमोरीकडच्या गायन पार्टीचे म्होरके त्यांना ऐकायला गावात येणार होते. पसंत पडले तर हिवाळाभर पार्टीसोबत गावोगाव वाजवायचं, नाहीतर घरी धान झोडपायचं.

खुंट्यांना काय लावावं, यावर आमच्या अंगणात सभा भरली. व्हायोलिन कधी हातात धरलेला त्यात नवरा एकटाच, म्हणून त्यांना कोणी विचारलं नाही.

शेजारचे भाऊ सायकली दुरुस्त करत. म्हणाले, "सायकलचं तेल टाका. चाक फिरते, तं खुंटी काऊन नाई फिरणार?"

"वास मारते ते," सासूबाई म्हणाल्या. "टोळीचं लावा. बैलबंडीच्या आखाले चालते ना!"

टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल चुलीजवळच होतं. मी चारचौघांत बोलत नाही, पण दाराआडून एवढं म्हटलं, "थंडीत थिजते ते, तुपावानी."

सभेला हे फारच आवडलं. "मंग तं चांगलंच!" भाऊ म्हणाले. "पातळ हाय तवा फिरवा. थिजलं का खुंटी जाम!"

मलाही पटलं. चौथीपर्यंत शिकल्याचं सार्थक झालं.

आणि झालंही तसंच. कोमट तेलाने खुंट्या अलगद फिरल्या, सूर जुळले, संध्याकाळच्या गारठ्यात तेल गोठलं. मग पाहुण्यांना बोटं नीट दिसावीत म्हणून भाऊंनी पेटलेली गॅसबत्ती उचलली आणि मोठ्या मानाने व्हायोलिनला खेटून ठेवली.

पहिलं कडवं सुरेख झालं. दुसऱ्यात एक खुंटी सुटली, तिच्यामागे बाकीच्या. तारा कपड्यांच्या दोरीसारख्या लोंबल्या, आणि तेल ओघळत नवऱ्याच्या कोपरापर्यंत आलं.

म्होरक्यांनी वाकून वास घेतला. "हात चांगला हाय तुमचा. पण हे वाजवाचं होतं का तळाचं? खुंटीले कोरडं साबण घासतेत, वरतून खडू. आता लाकूड तेल पिलं. हे काही यंदा वाजत नाई."

तरी त्यांनी नवऱ्याला पार्टीत घेतलं. झांज वाजवायला. झांजेला खुंट्या नसतात.

सकाळी भाऊ चिंच घेऊन दारात हजर. चिंचेने घासली की झांजेचा आवाज खुलतो म्हणे.