पाण्याकडून सातवा खांब

२००१ च्या वसंतात मी बाल्टिमोरला नोकरीला गेले, तेव्हा बंदर म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. नागपूरच्या मुलीला कुठून माहीत असणार? आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव, आणि तलावाला पलीकडचा काठ असतो. इथलं पाणी कुठंतरी वळून धुक्यात शिरायचं. सकाळी कामाला निघाले की कधीकधी त्या धुक्यातून एखादं जहाज पुढं यायचं, इतकं सावकाश आणि इतकं मोठं, की शेजारची इमारतच जागची हललीय असं वाटावं.

माझं ऑफिस बंदरालगतच्या एका लाल विटांच्या जुन्या कारखान्यात होतं. कारखाना कधीच बंद पडला होता. आता तिथं काचेच्या खोल्या होत्या, सॉफ्टवेअरच्या कंपन्या होत्या, खाली कॉफीचं दुकान होतं. मी टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. तिथून दहा मिनिटांच्या अंतरावर, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या घरांच्या रांगेत, मी एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला.

खाली घरमालकीण राहायची. ऐंशीला टेकलेली, उंच, पोलंडहून आलेल्या आईवडिलांची मुलगी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी दुसऱ्या राज्यात होती. म्हातारीच्या नजरेच्या मधोमध एक धूसर डाग पडला होता. समोरचं दिसायचं नाही, कडेचं दिसायचं. त्यामुळं माझ्याशी बोलताना ती माझ्या खांद्यापलीकडे कुठंतरी बघायची, आणि तसं बघितलं की मी तिला दिसायचे.

पहिले काही महिने आमचं बोलणं "गुड मॉर्निंग, हन"च्या पुढं गेलं नाही. त्या शहरात सगळे सगळ्यांना 'हन' म्हणत, 'हनी'चं छोटं रूप. मग शरद ऋतूत एका रविवारी दुपारी मी काळा मसाला भाजायला घेतला. खोबरं, धणे, लवंग, दालचिनी, दगडफूल. धूर जरा जास्त झाला आणि छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. मी टॉवेलनं वारा घालत होते तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दारात ती उभी.

"सॉरी, सॉरी, आत्ता खिडकी उघडते," मी म्हटलं.

"उघडू नकोस!" ती म्हणाली.

अलार्म आपोआप थांबला. ती डोळे मिटून तशीच उभी राहिली.

"दालचिनी," ती म्हणाली. "लवंग. धणे. एक वास ओळखता येत नाही."

दगडफुलाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. मी चिमूटभर तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते बोटांनी चाचपलं, हुंगलं, आणि माझ्या छोट्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "बंदरावर मसाल्याची गिरणी होती. दालचिनी दळायचे त्या दिवशी अख्ख्या गावाचे कपडे दोरीवर दालचिनीच्या वासात वाळायचे. माझा नवरा गोदीत हमाल होता. मिरीचं जहाज रिकामं करून आला की दारातच दहा शिंका. त्या मोजून मी कॉफी ठेवायचे."

त्या संध्याकाळी मी आईला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "काहून वं, लोकाच्या घरात एवढा धूर करतात का?" आणि मग थोड्या वेळानं, "तिला थोडा मसाला दे डब्यात भरून."

म्हातारी मला म्हणायची, नावानं हाक मार. मला ते जमेना. मी सांगितलं, आमच्याकडे मोठ्या बाईला नावानं हाक मारत नाहीत, मी मावशी म्हणेन. ती 'माऊसी' असं म्हणून बघायला लागली आणि हसत सुटली. "म्हणजे उंदरासारखी? जन्मभर धक्क्यावरच्या उंदरांना शिव्या दिल्या, आता मीच उंदीर झाले!" पण नाव तिला आवडलं. आणि एकदा मावशी म्हटल्यावर ती माझ्या मनात आपोआप 'अहो'ची 'अगं' झाली.

दर शनिवारी सकाळी मावशी दारापुढच्या तीन संगमरवरी पायऱ्या ब्रशनं घासायची. पायऱ्या झाल्या की माझा दंड धरून फिरायला निघायची. या फेऱ्यांतून मला ते शहर कळलं. म्हणजे आत्ताचं नव्हे, पन्नास वर्षांपूर्वीचं. फिरताना मावशी 'इथं अमुक होतं' असं म्हणायची नाही. 'आहे' म्हणायची.

"या कोपऱ्यावर छत्र्या शिवतात. वरच्या मजल्यावर सगळ्या मुली. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या ठेवतात, गाणी ऐकू येतात."

मला समोर मोटारी उभ्या केलेलं मोकळं आवार दिसायचं.

"इथं टोमॅटो डब्यात भरतात. ऑगस्टमध्ये रस्त्यावरनं लाल पाणी वाहतं. माझ्या आईचे हात सप्टेंबर संपेपर्यंत लाल. आणि तो पलीकडचा धक्का केळ्यांचा. हिरवे घड खांद्यावरून उतरवतात. एकदा घडातून साप निघाला, तर माझ्या नवऱ्यानं घड टाकून पाण्यात उडी मारली. सापानंही मारली."

केळ्यांच्या धक्क्यावर आता पांढऱ्या शिडाच्या हौशी होड्या बांधलेल्या होत्या. दोऱ्या वाऱ्यानं डोलकाठ्यांवर आपटून किणकिणत असायच्या. मी ते किणकिणणं ऐकत चालायचे आणि हळूहळू मला मावशीचं शहर दिसायला लागलं. पाण्यावर साखरेचं जहाज, कॉफीच्या गोण्या, डोक्याला रुमाल बांधून घोळक्यानं कामाला निघालेल्या बायका. ती सांगायची की प्रत्येक कारखान्याचा भोंगा वेगळा होता आणि घरातल्या पोरांनाही कळायचं की हा जहाज बांधणाऱ्यांचा, हा साबणाचा, हा खताचा. मी म्हटलं, आमच्या घरीसुद्धा भोंग्यावर भात लागायचा. माझे बाबा नागपूरच्या कापडगिरणीत होते. मावशी रस्त्यातच थांबली. "भोंगा कसा होता? वाजवून दाखव." त्या शनिवारी सकाळी बाल्टिमोरच्या फुटपाथवर उभं राहून मी नागपूरच्या गिरणीचा भोंगा तोंडानं वाजवून दाखवला.

आमची फेरी नेहमी एका ठिकाणी डावीकडे वळायची. सरळ गेलं की माझं ऑफिस यायचं. वर्ष उलटल्यावर एकदा मी म्हटलं, "चल ना, तुला माझं ऑफिस दाखवते."

"मला माहीत आहे ते," मावशी म्हणाली. "तिथं पत्र्याचे डबे करतात. मी एकतीस वर्षं होते तिथं."

मी बघतच राहिले. एवढ्या दिवसांत तिनं कधी सांगितलं नव्हतं. "काय काम होतं?"

"तुझंच. चुका शोधायच्या. पाण्याकडून सातव्या खांबाशी माझी जागा. डबे पुढून सरकत जायचे आणि मी पत्र्याच्या जोडावरच्या शिवणीवरून अंगठा फिरवायचे. डोळ्यांच्या आधी अंगठ्याला कळायचं."

मग चालता चालता तिनं शेवटच्या दिवसाचं सांगितलं. शुक्रवारी दुपारी कुणीतरी येऊन म्हणालं, सोमवारी यायचं नाही. दाराशी एक खोका ठेवला होता, त्यात एप्रन आणि हजेरीचं कार्ड टाकायचं. तिच्या पाळीच्या मैत्रिणी आधीच कमी केलेल्या होत्या, त्यामुळं बरोबर कुणी नव्हतं. बाजूच्या दारातून ती एकटी बाहेर पडली. "मागं बघितलं नाही. त्यानंतर आत पाऊलही टाकलं नाही."

माझे बाबा गिरणी बंद झाल्यावर सायकलनं विहारातल्या वाचनालयात जायचे ते लांबून, गिरणीचं फाटक टाळून. मी ते मावशीला सांगितलं.

"किती लांबून?"

"अर्धा तास जास्त."

"शहाणा माणूस," ती म्हणाली, आणि आम्ही डावीकडे वळलो.

२००३ च्या हिवाळ्यात आमच्या कंपनीचं काम आटलं. एका बुधवारी मॅनेजरनं मला आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या पुण्याच्या मित्राला आत बोलावलं. शुक्रवारी तीन वाजता येऊन लॅपटॉप आणि कार्ड परत करायचं, बस. बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "यार, मी परवाच डेन्टिस्टची अपॉइंटमेंट घेतली होती. आता कॅन्सल करायला पाहिजे." नोकरी गेली की व्हिसाही गेला, हे आम्हा दोघांना माहीत होतं. पण त्या क्षणी आम्ही त्याच्या दाढेविषयीच बोलत राहिलो.

घरी आले तेव्हा मावशी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मी सांगितलं. सुरी थांबली नाही. लांबलचक साल एकसंध खाली उतरत होती.

"शुक्रवारी किती वाजता?"

"तीनला."

"मी येते."

"मावशी, नको. तू तिथं..."

"मी एकटी बाहेर पडले होते," ती म्हणाली. "तू पडायचं नाहीस."

शुक्रवारी ती निळा कोट, निळी टोपी घालून, ओठांना लाली लावून पायऱ्यांवर तयार उभी होती. बर्फ पडून गेलेलं होतं. ज्या कोपऱ्यावर आम्ही डावीकडे वळायचो तिथं तिची पकड जरा घट्ट झाली, पण पावलं सरळ गेली. दाराशी बसलेल्या पहारेकऱ्यानं वही पुढं केली. "तुमचं कुणाकडे काम आहे, हन?"

"मी इथं कामाला आहे," मावशी म्हणाली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग काही न विचारता पाहुण्यांचा बिल्ला काढून तिच्या कोटाला लावला.

दुसऱ्या मजल्यावर मावशीनं आधी हवा हुंगली. "तेलाचा वास गेला," ती पुटपुटली. मग माझा हात सोडला, खिडक्यांच्या उजेडावरून पाण्याची बाजू हेरली आणि तिथून लोखंडी खांबांना एकेक करून हात लावत चालायला लागली. एक, दोन, तीन. टेबलांवरची डोकी वर झाली. पाण्याकडून सातवा खांब काचेच्या मीटिंगरूममध्ये होता आणि आत मीटिंग चालू होती. आमचाच मॅनेजर बसलेला. मी थबकले. पुण्याचा मित्र आपल्या सामानाचा खोका खाली ठेवून पुढं झाला, त्यानं दार उघडलं आणि सरळ मराठीत म्हणाला, "या ना, मावशी."

ती आत गेली. खांबाच्या मागच्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर, तिनं हात फिरवला. तिथं कपडे अडकवायचा एक लोखंडी आकडा होता. त्या खोलीत मी शंभर वेळा बसले असेन, पण मला तो कधी दिसला नव्हता. पांढऱ्या रंगाचे इतके थर चढले होते की तो खांबाचाच फुगवटा वाटायचा. मावशीनं टोपी काढली आणि त्या आकड्याला अडकवली.

तिनं टेबलावरचा कोल्ड्रिंकचा रिकामा डबा उचलला, काठावरून अंगठा फिरवला. "आता डब्याच्या अंगाला शिवणच नसते," ती म्हणाली. "आमच्या वेळी असायची. इथं, उभी. सगळे चांगले असले की हात झोपल्यासारखा चालायचा. एखादा वाईट आला की जागा व्हायचा." एका प्रोग्रॅमरनं विचारलं, वाईट डब्याचं काय करायचे? "बाजूला काढायचे. डब्याचा दोष नसतो. पत्राच तसा आलेला असतो."

मॅनेजर उठून उभा राहिला, तिला खुर्ची द्यायला लागला.

"बसायला नाही आले," मावशी म्हणाली. "हिला न्यायला आले."

मी लॅपटॉप आणि कार्ड टेबलावर ठेवलं. मावशीनं टोपी घातली आणि आम्ही पुढच्या, मोठ्या दारानं बाहेर पडलो. मित्रही बरोबर होता. रस्ता ओलांडल्यावर ती वळली आणि इमारतीकडे नीट बघता यावं म्हणून मान तिरकी करून उभी राहिली. ती रडली नाही. मी रडले. मित्र बर्फातून बुटानं रेघा काढत राहिला.

महिन्याभरात त्याला ॲरिझोनात चँडलरला नोकरी लागली आणि त्यानंच माझं नाव तिथं पुढं केलं. मीही गेले. तिथं कॉम्प्युटरच्या चिप्स बनायच्या, कुठलाच वास नसलेल्या, भोंगा नसलेल्या कारखान्यात. दर रविवारी मी मावशीला फोन करायचे. पुढं तिचा डाग वाढला, मुलीनं घर विकलं आणि तिला पाण्याच्या पलीकडच्या वृद्धाश्रमात ठेवलं. फोनवरचं बोलणं तुटक होत गेलं.

२००७ मध्ये कामासाठी त्या बाजूला जाणं झालं तेव्हा मी तिला भेटायला गेले. ती खिडकीशी बसली होती. मी कोण ते तिला आधी कळलं नाही. मग तिनं माझा हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "तू लग्न केलंस." तिनं अंगठी चाचपली होती. मी हो म्हटलं. कुणाशी ते सांगितल्यावर ती हसली. "दार उघडणारा तो?"

खिडकीतून समोर एक प्रचंड जहाज धक्क्याला लागलं होतं, खिडक्या नसलेलं, पेटीसारखं. मावशीला त्याचा नुसता काळोख जाणवत होता.

"काय आणलंय?" तिनं विचारलं.

"गाड्या. परदेशातून."

"कामाला माणसं आहेत?"

मी पाहिलं. एवढ्या मोठ्या धक्क्यावर मला चार माणसं दिसली.

"पुष्कळ आहेत," मी म्हटलं.

"मग ठीक." तिनं मान मागं टेकवली. "सांग, कशी उतरवतायत?"

मी सांगत राहिले. बोलता बोलता तिचा हात माझ्या हातात सैल झाला, श्वास झोपेतल्यासारखा लांब झाला. मी गप्प झाले नाही. जहाजाची रुंद फळी खाली आली होती आणि आतल्या अंधारातून एकेक गाडी सावकाश बाहेर येत होती. लख्ख दुपार होती, तरी सगळ्यांचे दिवे लावलेले होते.