आमचा अविरोध वार्ड

सन २०२१. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, पण हिवरखेडच्या बाजूच्या आमच्या गावात माझा शब्द खाली पडत नाही, हे मी आजही सांगतो.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमची रीत अशी की चार म्हातारे पारावर बसतात, कोणत्या वार्डातून कोण ते ठरवतात आणि गाव अविरोध निघतं. आमच्या वार्डातून माझा मुलगा ठरला. पण शेजाऱ्याच्या सुनेनं फारम भरला. मी तिच्या सासऱ्याला बोलावून सांगितलं, गावाची इज्जत आता तुझ्या सुनेच्या हातात आहे. तिनं फारम मागे घेतला. त्यासाठी तालुक्याला, तेल्हाऱ्याला, माझ्याच गाडीतून गेली, येताना एक शब्द बोलली नाही. मला तो तिचा समजूतदारपणा वाटला.

त्याच संध्याकाळी नात अमरावतीहून आली. वकिलीच्या कॉलेजात तिला एका परदेशी वकिलावर बोलायचं होतं, म्हणून मला समोर बसवून तिनं ते भाषण वाचून दाखवलं. स्वित्झर्लंड नावाचा डोंगराळ देश, दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस. नाव माझ्या जिभेला वळलं नाही. शेतकऱ्याचा मुलगा, वकील झाला, गरिबांचे खटले चालवले, आधी आपल्या मुलखाच्या सभेत आणि मग देशाच्या सभेत निवडून गेला. तिथं एकाच गोष्टीला चिकटला. सभेनं केलेला कायदा लोकांना नको असेल, तर मत देऊन तो पाडता आला पाहिजे. तसा हक्क मिळाला, आणि पुढे लोकांनी त्यानंच लिहिलेला दुसरा एक कायदा पाडला. तो म्हणाला, हक्क त्यांचाच आहे.

मी हसलो. "येडाच होता म्हणजे. आपल्या गावाकडे पाह्य, एकबी मत न पडता निवडणूक झाली."

"आबा, मत पडलं नाई म्हणजे कोणाले इचारलंच नाई." मग म्हणाली, "शेजारच्या काकूनं फारम काहून मागे घेतला?"

"तिची मर्जी."

ती कागद उलटत राहिली. नातीशी मी पहिल्यांदाच खोटं बोललो होतो. मागे घेतलेला फारम पुन्हा भरता येत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तर मी गाडी दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला घेऊन शेजारी गेलो. सून अंगणात सडा टाकत होती. खुर्ची आणायला निघाली, तिला थांबवलं, पायरीवर बसलो आणि सासऱ्यासमोरच म्हणालो, "बाई, मी चुकलो. आता यानं वार्डात पहिले काय करावं, तूच सांग."

"हे काल इचारलं असतं तर, मामाजी?" ती म्हणाली आणि पुढचा सडा टाकायला लागली. चहा कोणी ठेवला नाही. मुलगा उठायला लागला. त्याचा हात धरून मी त्याला खाली बसवलं.